मंदाताईंचं रोम

मंदाताईंची आणि माझी ओळख त्यांनी माझं मनगट धरल्यामुळे झाली. मी सिंगापुरातल्या बुकित पंजांगला नवीनच राहायला आले होते. तिथली एलआरटी म्हणजे बिनड्रायव्हरची छोटी गाडी, इमारतींच्या इतक्या जवळून जाते की लोकांच्या स्वयंपाकघरातला कुकर दिसावा. म्हणून घरं जवळ आली की गाडीच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा स्वच्छ होतात. त्या दिवशी काचा पांढऱ्या झाल्या आणि शेजारच्या बाईंनी माझं मनगट गच्च धरलं.

"मला दिसेनासं झालंय," त्या मराठीत म्हणाल्या. मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत घाबरतो.

"काचा आहेत हो त्या. आत्ता साफ होतील."

काचा साफ झाल्या, पण मनगट सुटलं नाही. उतरल्यावर कळलं की आम्ही एकाच ब्लॉकमध्ये, एकाच मजल्यावर राहतो. लिफ्टपाशी मंदाताई म्हणाल्या, "तू आहेस तर लिफ्टने येते. एरवी मी जिन्याने जाते." आमचा मजला नववा होता.

साठीला आलेली, ठेंगणी, सुती कुडत्यातली बाई. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत छत्री, बॅटरी, ग्लुकोजची बिस्किटं आणि एक लाल शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ढिगाऱ्याखाली सापडलं तर ओरडता येत नाही गं. घशात धूळ जाते. शिट्टी मात्र वाजवता येते."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मला हसायला आलं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मी छताकडे बघत राहिले. मंदाताईंच्या भीतीचं असंच होतं. दिवसा गंमत वाटायची, नंतर ती आपल्या घरात राहायला यायची. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यातले, व्हॉइड डेकमधले खांब त्या जाता-येता हाताने चाचपून बघत. कुठे केसाएवढी चीर दिसली तर ती वाढतेय का, यावर त्यांचं लक्ष असे. वरच्या मजल्यावर कोणी टेबल सरकवलं की त्या बोलता बोलता थांबत आणि आवाज पूर्ण थांबल्यावरच वाक्य पुरं करत.

अशा बाईच्या घरी भिंतभर पडझड लावलेली बघून मी चक्रावलेच.

दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर फोटोच फोटो. मोडके खांब, छप्पर नसलेली देवळं, अर्ध्या कमानी, गवत उगवलेल्या पायऱ्या. आणि प्रत्येक फोटोत तोच एक धिप्पाड माणूस, उजवा तळवा दगडावर टेकवून हसत उभा. आधी काळ्या केसांचा, मग करड्या, मग टकलाचा.

"हे आमचे हे," मंदाताई म्हणाल्या. "आणि हे सगळं रोमन."

वसंतराव जहाजावर चीफ इंजिनियर होते. कंपनीचं ऑफिस तांजोंग पगारला, म्हणून घर सिंगापुरात. मूलबाळ नव्हतं. वर्षातले सहा-सात महिने ते समुद्रावर असत आणि मंदाताई या भिंतीपाशी.

त्याची सुरुवात त्यांनीच मला सांगितली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्या डोंबिवलीला सासरी होत्या. वसंतरावांच्या जहाजाच्या इंजिन रूममध्ये आग लागल्याची बातमी दिराने पेपरात वाचली. पुढे कित्येक दिवस कोणालाच काही कळलं नाही. सासूबाई देवापुढे बसून असत, आणि मंदाताई दारात. शेवटी वसंतराव आले ते जळलेल्या भुवया घेऊन, हसत हसत.

"जाऊ नका म्हणायची सोय नव्हती," मंदाताई म्हणाल्या. "मग मी म्हटलं, एक करा. जिथे जहाज लागेल तिथे गावात जाऊन सगळ्यात जुनं जे उभं असेल ते शोधायचं. त्याला हात लावून फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. हे हसले. पण पहिल्याच बंदरावरून पाठवला."

ते बंदर होतं स्पेनमधलं तारागोना. तिथे समुद्राच्या काठावरच रोमन लोकांनी बांधलेलं खेळांचं गोल मैदान आहे. वसंतरावांची जहाजं बहुतेक भूमध्य समुद्रातच फिरत, आणि त्या समुद्राच्या काठी कुठेही उतरलं तरी रोमन लोकांनी काहीतरी बांधून ठेवलेलं असायचंच. क्रोएशियातलं पुला, तिथे जहाजावरूनच भलीमोठी दगडी गोल भिंत दिसते. स्प्लिट, तिथे एका रोमन सम्राटाच्या राजवाड्यात आजही लोक संसार करतात आणि खांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. लेबनॉनमधलं टायर. लिबियातलं लेप्टिस माग्ना.

"तेव्हा फोटो पोस्टाने यायचा. यायला महिना लागायचा. तो हातात पडेपर्यंत हे तिथे नसायचेच. कुठे असतील, असतील की नाही, काही पत्ता नाही. पण तो दगड तरी अजून तिथे आहे, एवढं मला खात्रीने माहीत असायचं."

मग तो दगड कसला, कोणी बसवला, त्याच्या डावीकडे काय, मागे काय, हे त्या वाचायला लागल्या. इंग्रजी कच्चं होतं, ते या वाचनानेच पक्कं झालं. आमच्या इथल्या मॉलमधल्या लायब्ररीत त्या रोज जाऊन बसत. इतिहासातल्या लढाया, सम्राटांची नावं यात त्यांना रस नव्हता. त्यांना नकाशे लागत. या दारातून आत शिरलं की कुठे निघतो, पाणी कुठून येतं, गर्दी झाली तर बाहेर कसं पडायचं. रोमन लोकांनी हजारो माणसं बाहेर काढायला किती दारं ठेवली होती, हे त्या आमच्या ब्लॉकच्या जिन्यांशी ताडून बघत आणि उसासा टाकत.

एकदा मी विचारलं, "मंदाताई, तुम्हाला पडण्याची एवढी भीती, आणि भिंतीवर सगळी पडलेलीच घरं?"

"अगं, म्हणून तर. तिथे पडायचं ते पडून गेलंय. आता जे उरलंय ते उरलेलंच आहे. जगात तेवढ्याच जागा अशा आहेत की मला मान वर करून बघावं लागत नाही."

एका फोटोपाशी मात्र त्या थांबत नसत. पुला गावातल्या त्या गोल भिंतीच्या आतल्या मैदानात वसंतराव अगदी मधोमध उभे होते. "किती वेळा सांगितलं, तिथे उभं राहू नका. त्यांच्या पायाखाली तळघर आहे. खाली लढायला आणलेली माणसं अंधारात बसलेली असायची, वर लोक आरडाओरडा करतायत, आणि आपल्याला कधी बोलावतील ते माहीत नाही." त्यांनी फोटोकडे पाठ केली. "मरणाचं मला समजतं गं. ते खाली बसून ऐकणं नाही समजत."

वसंतराव घरी आले की त्या मजल्याचा आवाजच बदलायचा. मोठ्याने बोलणारा, मोठ्याने जेवणारा माणूस. "मंदे, चल हॉकर सेंटरला, नूडल्स खाऊ!" म्हणून बायकोला बाहेर काढायचे. लिफ्टमध्ये मुद्दाम उडी मारायचे, आणि मंदाताई पांढऱ्याफटक पडल्या की स्वतःच कान धरायचे. माझी मुलगी इरा त्यांच्यावर फिदा होती.

इराला शाळेत रोमन लोकांवर प्रोजेक्ट आलं तेव्हा मी तिला मंदाआजीकडे पाठवलं. संध्याकाळी आणायला गेले तर ओट्यावर लाल भोपळ्याच्या फोडी. मंदाताईंनी त्या एका बाजूने रुंद, एका बाजूने अरुंद अशा नेमक्या कापल्या होत्या आणि आडव्या ठेवलेल्या स्टीलच्या गोल डब्यावर कमानीसारख्या रचल्या होत्या. मधली फोड बसवून झाली होती. आता खालचा डबा काढायचा होता.

"तू काढ," मंदाताई इराला म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. खरोखरच मिटून घेतले, भोपळ्यासाठी.

इराने डबा सरकन ओढला. कमान जराशी दबली आणि उभी राहिली.

"स्टँड ऑलरेडी लाह, आजी! ओपन युवर आइज!" इरा शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

मंदाताईंनी एक डोळा उघडला. मग खाली वाकून, कमानीखालून पलीकडच्या इराकडे बघत म्हणाल्या, "प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो बरं का. शेजारचा त्याला पडू देत नाही. तोही पडायलाच निघालेला असतो."

वसंतरावांनी निवृत्त व्हायचं ठरवलं त्याच सुमारास तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. शेवटचं कॉन्ट्रॅक्ट, युरोपात एक फेरी आणि परत. मंदाताईंनी नको म्हटलं असेल का, मला ठाऊक नाही. ते गेले त्या सकाळी त्या दारात उभ्या होत्या आणि वसंतराव लिफ्टच्या दारातून ओरडून सांगत होते, "पुलाला गेलो तर बाजूलाच उभा राहीन, मधे नाही!"

माझ्या फोनवर जहाजं दाखवणारं एक अ‍ॅप मीच मंदाताईंसाठी लावून घेतलं. निळ्या नकाशावर बारीक त्रिकोण, प्रत्येक म्हणजे एक जहाज. मी ऑफिसमधून आले की त्या यायच्या आणि फोन मागायच्या. स्वतःच्या फोनवर बघायची त्यांना धास्ती वाटायची. "एकटीने नाही बघवत. तू बघ आणि सांग."

मग एका संध्याकाळी त्रिकोण दिसेना.

"तिथे मुद्दाम बंद करतात," त्या लगेच म्हणाल्या. "हल्ला करणाऱ्यांना कळू नये म्हणून. हे सांगून गेलेत मला." आणि खाली बसल्या, खुर्ची मागे आहे की नाही हे न बघता.

दुसऱ्या दिवशीही दिसला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मंदाताई आमच्याकडेच असायच्या. इराच्या हातून पट्टी खाली पडली तरी त्यांचं सगळं अंग दचकायचं. मी त्यांना समजावत होते आणि समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की मीही वरचे आवाज ऐकायला लागले आहे. कोणी दार आपटलं की माझाही हात छातीशी जायचा. नवरा म्हणाला, "तू तरी धीर धर." कुठून आणून धरायचा, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग जहाजाला काहीतरी लागल्याची बातमी आली आणि कंपनीने मंदाताईंना ऑफिसात बोलावलं. फोनवर सांगत नाहीत, बोलावतात, याचा अर्थ आम्ही दोघी गाडीत बसून, एकमेकींकडे न बघता, लावत राहिलो.

तांजोंग पगारच्या त्या उंच इमारतीत मी रोज ज्या रस्त्याने कामाला जायचे त्याच रस्त्याने गेलो. लिफ्टमध्ये मंदाताईंनी माझा हात धरला नाही. लिफ्टची भीती वाटायलाही जागा उरली नव्हती. एक थंडगार खोली, गुळगुळीत टेबल, आणि टेबलाच्या बरोबर मधोमध, त्यांच्या खुर्चीसमोर, कागदी रुमालांचा नवाकोरा डबा. पहिला रुमाल आधीच अर्धा वर ओढून ठेवलेला.

मंदाताईंनी तो बघितला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "माझ्यासाठी ठेवलाय."

समोरचा तरुण अधिकारी फार मऊ बोलत होता. ऑल क्रू अकाउंटेड फॉर, असं तो दोनदा म्हणाला.

"हिशेब लागला म्हणजे काय?" मंदाताईंनी इंग्रजीत विचारलं. "जिवंत आहेत याचा लागला, की कोण कुठे सापडलं याचा लागला?"

त्याने हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, चीफ जिवंत आहेत. हॉस्पिटलमध्ये आहेत."

मंदाताईंनी तो रुमाल ओढला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला. डोळे कोरडे होते. "इंजिन रूममध्ये होते का?" त्यांनी विचारलं. त्याने मान हलवली.

स्फोट झाला तेव्हा वसंतराव आणि एक तरुण इंजिनियर खाली होते. दार वाकून अडकलं. दिवे गेले. पाणी चढत होतं. वरून माणसांचे आवाज येत होते, पावलं वाजत होती, आणि यांच्यापर्यंत कोणी पोचत नव्हतं. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा दार फोडलं गेलं. दोघेही वाचले.

मला हे मंदाताईंनी सांगितलं तेव्हा त्या भिंतीवरच्या, पुला गावातल्या मैदानाच्या फोटोखाली उभ्या होत्या. त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

वसंतराव घरी आले. हात मोडला होता तो बरा झाला. माणूस मात्र आवाजाविना आला. बाथरूमचं दार ते लावून घेत नसत. लिफ्टपाशी गेले की घाम फुटायचा. नळ सोडला की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. इरा एकदा पळत जाऊन त्यांना मागून बिलगली, तेव्हा ते ओरडले, आणि मग ओरडल्याबद्दल तिच्यापुढे हात जोडत राहिले. त्या दिवसापासून इरा त्यांच्या घरी जायला घाबरायची. मीही थोडी घाबरायचे. इतका मोठा माणूस आतून कोसळताना बघवत नाही.

भेटायला येणारे सगळे एकच सांगत, "घाबरू नका, आता संपलं सगळं." मंदाताईंनी हळूहळू लोकांचं येणं बंद केलं.

"घाबरू नका म्हणून कोणाची भीती गेली आहे का?" त्या मला म्हणाल्या. "मला जन्मभर लोकांनी तेच सांगितलं. त्याने काय होतं माहीत आहे? भीती तर राहतेच, वर लाज येते."

आणि मग मी जे बघितलं ते मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सगळ्यांनी जिला भित्री म्हणून सोडून दिलं होतं ती बाई कामाला लागली. घरातली सगळी दारं तिने अर्धी उघडी ठेवायला खाली रबरी पाचरी लावल्या. नळ सोडण्याआधी ती मोठ्याने सांगायची, "पाणी सोडतेय हो." लाल शिट्टी वसंतरावांच्या सदऱ्याच्या खिशात गेली. त्यांना घेऊन ती जिन्याने उतरायची, नऊ मजले, आणि प्रत्येक वळणावर टेकायची.

एका दुपारी मी डबा परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. वसंतराव पलंगावर पडले होते, डोळे मिटून, आणि मंदाताई शेजारी खुर्चीत.

"लेप्टिसला उतरलो," त्या म्हणत होत्या. "बंदर वाळूने भरलंय. आता मोठ्या रस्त्याने आत चाललो. दोन्ही बाजूंना खांब. उजवीकडे काय?"

मग वसंतरावांचा घोगरा आवाज. "मोठा चौक."

"चौकात काय?"

"चेहरे. बायकांचे. दगडाचे. केसांत साप असलेले."

"भीती वाटते का त्यांची?"

"नाही. जमिनीवर पडलेत बरेचसे." मग ते म्हणाले, "तिथे एक कुत्री होती. पिल्लं घातली होती तिने. एका चेहऱ्याच्या सावलीत."

मंदाताई एकदम पुढे वाकल्या. "कुत्री? हे कधी नाही सांगितलंत."

"तू विचारलंच नाहीस. तू दगडच विचारायचीस."

त्या हसल्या. मी डबा दाराशी ठेवून परत आले. जिला विमानाच्या नावाने कापरं भरायचं, जिने यातला एकही दगड पाहिला नव्हता, ती त्या माणसाला रोज दुपारी तिथे घेऊन जात होती. छप्परच नसलेल्या, दारंच नसलेल्या त्या गावांत. तिथून त्याला बाहेर पडायला अडवणारं काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही शहराच्या पलीकडच्या भागात, सेंगकांगला घर घेतलं आणि बुकित पंजांग सुटलं. निघण्याच्या आधीच्या रविवारी मी सकाळी जुन्या रेल्वेमार्गावर चालायला गेले होते. रूळ काढून तिथे आता पायवाट केली आहे. पुढे मोठ्या रस्त्यावरून जाणारा लोखंडी पूल तेवढा तसाच ठेवलाय. ऊन अजून चढलं नव्हतं. पुलाच्या या टोकाला मला ते दोघं दिसले.

वसंतराव एक पाऊल पुलावर ठेवत आणि मागे घेत. खालून बसेस जात होत्या, लोखंड किंचित थरथरत होतं. सायकलवाले बाजूने वळसा घालून जात होते. मी हाक मारणार होते, पण थांबले.

मंदाताई त्यांच्या पुढे गेल्या. एकट्या. खाली न बघता, दोन्ही हात अंगाशी धरून, पुलाच्या मध्यापर्यंत गेल्या. तिथे त्या वळल्या, आणि वळताना त्यांचे पाय गेले. मटकन खाली बसल्या. कठडा धरायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही. "मला उठता येत नाहीये."

मी धावणारच होते. त्याआधी वसंतराव निघाले. धावले नाहीत. एकेक पाऊल जोर देऊन टाकत, तोंडाने श्वास घेत, त्यांच्यापर्यंत पोचले. वाकले. बायकोच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं आणि दोघंही तसेच, एकमेकांना धरून, उभे राहिले. खालून एक ट्रक गेला. पूल हलला. मला वाटलं, आता ते मागे फिरतील.

वसंतरावांनी वर बघितलं. मग बाजूच्या लोखंडाकडे, जवळ जाऊन, डोळे बारीक करून. बोटाने एका गोल खिळ्याचं डोकं खरवडलं.

"रिव्हेट बघ," ते म्हणाले. "जुन्या लोकांचं काम आहे. ढिला एक नाही. चल."

मंदाताईंचे पाय खरंच गेले होते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते दोघं पलीकडे झाडांत दिसेनासे होईपर्यंत मी या टोकाला उभी होते, आणि मग पुलावर पाऊल टाकताना माझेच पाय जड झाले.